आकाशातले जंक्शन : सोनेगावचा विमानतळ

जंक्शन म्हणजे काय, हे चाळीसगावच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा लोहमार्ग आपल्या गावावरून जातो आणि १९०० साली धुळ्याचा फाटा येथूनच निघाला. जामदा, राजमाने, शिरूड या बाजूचा उतारू येथे उतरतो, फलाट बदलतो आणि पुढची गाडी धरतो. माल येतो, चढतो, उतरतो. टपालाच्या थैल्या एका डब्यातून निघतात आणि दुसऱ्या डब्यात पडतात. जंक्शनाचे सगळे मर्म या अदलाबदलीत आहे. रूळ पुष्कळ गावांतून गेले, पण गाड्या जेथे एकमेकींना भेटल्या ती गावे वाढली.

असेच एक जंक्शन आपल्या राज्यात आकाशातही होते. तेथे रूळ नव्हते, फलाट नव्हता. रोज मध्यरात्रीनंतर चार दिशांनी चार विमाने तेथे उतरत, आपापल्या थैल्या बदलून घेत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या घरी परत जात. ते ठिकाण म्हणजे नागपूरजवळचे सोनेगाव. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, खानदेशातल्या माणसाला नागपूरच्या विमानतळाची कथा कशाला? तर आपल्या जळगाव-धुळ्याच्या धावपट्ट्या इतकी वर्षे मुक्या का राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर सोनेगावच्या कथेत सापडते. म्हणून ती नीट ऐकून घेऊ.

विमान आणि टपाल यांचे नाते आपल्या देशात फार जुने आहे. १८ फेब्रुवारी १९११ या दिवशी हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानातून नेली. अंतर उणेपुरे दहा किलोमीटर. बैलगाडीनेही ते काम झाले असते! पण सरकारी टपाल अधिकृतपणे विमानाने गेल्याचा जगातला तो पहिला प्रसंग मानला जातो. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाचे लहानसे विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. तेथून ते दुसऱ्या वैमानिकाने मद्रासकडे नेले. आपल्या देशातील नियमित विमानसेवेचा पाया असा पत्रांच्या थैल्यांवर घातला गेला. माणसांची गर्दी नंतर झाली.

सोनेगावचे मैदान याही आधीचे. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७-१८ च्या सुमारास, ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी ते तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील जुन्या इमारती दुरुस्त करण्यात आल्या आणि लांबच्या पल्ल्यावर जाणाऱ्या लष्करी विमानांचा तो मधला मुक्काम बनला. इंग्रज गेले आणि मैदान भारत सरकारच्या हाती आले. युद्ध संपले, आता त्या मैदानाचे करायचे काय?

याचे उत्तर नकाशाने दिले. शिक्षकबंधूंनो, वर्गातला भारताचा नकाशा उघडा आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांवर बोट ठेवा. चौघांनाही सोयीचे मधले ठिकाण शोधले, तर बोट नागपूरच्या आसपासच येते. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता साडेनऊशेच्या थोडे पुढे. त्या वेळची डकोटा विमाने ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जात. म्हणजे चारही शहरांतून रात्री निघालेली विमाने अडीच ते चार तासांत नागपूर गाठू शकत.

रफी अहमद किडवाई त्या वेळी केंद्र सरकारात दळणवळण मंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. योजना कागदावर अगदी साधी दिसते. दिल्लीचे विमान मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिघांच्या थैल्या घेऊन निघे. मुंबईचे विमान दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या घेऊन निघे. बाकीच्या दोघांचेही तसेच. चौघे नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपल्या शहरासाठी तिन्हीकडून आलेले टपाल घेऊन माघारी फिरे.

यातला हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. चार शहरांच्या जोड्या किती होतात? चार गुणिले तीन, भागिले दोन, म्हणजे सहा. प्रत्येक जोडीत दोन्हीकडून विमान सोडायचे तर एका रात्रीत बारा विमाने हवीत. मध्ये नागपूर घातले की काम चार विमानांत भागते! शिवाय वैमानिक सकाळी आपल्याच गावी पोहोचतो. ज्यांच्या नातवाने आपल्या पाटणदेवीजवळ मठ स्थापला आणि ज्याचा शिलालेख आजही तेथे आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त जोड्यांचा असा हिशेब शिकविला आहे. तेव्हा चाळीसगावच्या शाळेतल्या मुलाला हे गणित परके वाटायचे कारण नाही.

पण कागदावरची योजना वेगळी आणि काळोख्या रात्रीचे आकाश वेगळे. डकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे फार उंच जाऊन ढगांच्या वरून निघून जाणे तिला जमत नसे. पावसाळ्यात ढगांतून, वाऱ्यातून, विजांच्या कडकडाटातून वाट काढावी लागे. खाली दिवे तुरळक. वैमानिकाचा भरवसा रेडिओच्या खुणेवर, होकायंत्रावर आणि हातातल्या घड्याळावर. शिवाय चौघांपैकी एकाला उशीर झाला, तर इतर तिघांनी थांबायचे की त्याच्या थैल्या मागे ठेवून निघायचे, हा पेच उभा राही. आपल्या स्टेशनात मोठी गाडी उशिरा आली की धुळ्याच्या गाडीचे काय होते, हे तुम्ही जाणताच. तीच गत तेथे होती, फक्त इंधन आणि हवामान यांचा घोर जास्तीचा.

या सेवेची किंमत माणसांनी प्राणांनीही मोजली आहे. सुरुवातीला ती खासगी कंपन्यांकडे होती आणि पहिल्याच वर्षी तिच्यात खंड पडला, पण १९४९ मध्येच ती पुन्हा चालू झाली. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातल्या विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आली. त्याच वर्षी डिसेंबरात सोनेगावहून उडालेले रात्रीच्या टपालसेवेचे एक डकोटा विमान लगेच कोसळले आणि त्यातली बहुतेक माणसे मृत्युमुखी पडली. या विमानांतून थैल्यांबरोबर उतारूही जात असत. एवढे होऊनही सेवा चालू राहिली. टपालाच्या पेटीत पत्र टाकणाऱ्याला या रात्रींची कल्पनाही नसे.

त्याला काय मिळाले? मुंबई-कलकत्ता हा आगगाडीचा प्रवास तेव्हा दीड दिवसाहून अधिक होता. रात्रीच्या सेवेमुळे मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाऊ लागले. आणि मुख्य गोष्ट अशी, की १९४९ मध्येच देशातल्या देशात साधी पत्रे जादा हवाई आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण सुरू झाले. म्हणजे विमान केवळ श्रीमंतांचे राहिले नाही. ज्याने जन्मात विमान जवळून पाहिले नव्हते अशा शेतकऱ्याचे पत्रही, वाट लांबची असली तर, विमानात बसून जाऊ लागले. गरिबाच्या पदरात विमानाचा लाभ पडला तो प्रथम असा.

या अदलाबदलीने सोनेगावला रूप आले. १९५३ मध्ये तेथे नवी इमारत उभी राहिली. उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान आणि विमाने पाहायला येणाऱ्यांसाठी सज्जा, अशा सोयी झाल्या. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, पुढे मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजधानीचा मान गेला तरी मध्यरात्रीचा मेळा चालूच राहिला. तो मोडला ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्या वेळेपर्यंत १९६४ साली आलेली कॅराव्हेल आणि सत्तरच्या सुमारास आलेली बोईंग ही जेट विमाने मोठ्या शहरांमधली अंतरे दोन-दोन तासांत कापू लागली होती. जवळजवळ पंचवीस वर्षे चाललेली सेवा इतिहासात जमा झाली.

आता आपल्याकडे या. योगायोग पाहा! ज्या १९७३ साली सोनेगावचा रात्रीचा मेळा थांबला, त्याच साली सार्वजनिक बांधकाम खात्याने जळगावला धावपट्टी बांधली. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, धुळ्याजवळ गोंदूरला दुसरी झाली. खानदेशाला दोन धावपट्ट्या मिळाल्या. लोकांना वाटले, आता विमाने येणार. पण वर्षामागून वर्षे गेली आणि नियमित प्रवासी विमान काही येईना. पुढाऱ्यांची विमाने कधीमधी उतरत तेवढीच.

असे का झाले? याचे मूळही नकाशातच आहे. लोहमार्ग घालणाऱ्याला थळचा घाट चढून गेल्यावर तापी-गिरणेच्या सखल प्रदेशातूनच पुढे सरकणे सोयीचे होते. म्हणून गाडी नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला गेली. डोंगरांनीच तिला आपल्या दाराशी आणून सोडले. विमानाला डोंगराची अडचण नाही. मुंबई-नागपूर अशी सरळ रेघ ओढा. ती चाळीसगावावरून जात नाही, सातमाळ्याच्या दक्षिणेस आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळून जाते. गाडीला आपल्याकडे थांबावे लागते, विमानाला थांबायचे कारण लागते. ते कारण आपणच निर्माण करायचे असते.

आणि नुसती डांबराची पट्टी म्हणजे विमानतळ नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. पट्टीची लांबी हा पहिला प्रश्न. जळगावची पट्टी सुमारे १७०० मीटर, नागपूरची सुमारे ३२००. जितके विमान जड तितकी धाव मोठी. त्यातून आपल्या वैशाखातल्या उन्हाने हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून उन्हाळ्यात तेच विमान जास्त पळावे लागते, नाहीतर वजन कमी करावे लागते. धावपट्टीच्या टोकांवर आकडे रंगविलेले असतात, ते होकायंत्राच्या दिशेचे. जळगावला ०९ आणि २७ असे आकडे आहेत. त्यांच्यापुढे एकेक शून्य द्या, म्हणजे नव्वद अंश पूर्व आणि दोनशे सत्तर अंश पश्चिम. नागपूरला १४ आणि ३२ आहेत. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उडते आणि उतरते. पाखरू कसे उडते ते शेतात पाहणाऱ्याला हे सांगायला नको.

पट्टीशिवाय मनोऱ्यात बसून विमानांना क्रम लावून देणारी माणसे लागतात. हवामानाची वर्दी देणारे लागतात. आग विझविणारा बंब आणि त्यावरची पथके तयार लागतात. रात्री उतरायचे तर दिव्यांच्या रांगा लागतात. इंधन लागते. कुंपण लागते, कारण धावपट्टीवर शिरलेले एखादे जनावरसुद्धा विमानाचा घात करू शकते. दिवसातून एकच विमान आले तरी ही सगळी मांडणी ठेवावीच लागते. म्हणूनच ज्या विमानतळाला जोडण्या कमी, त्याला एकेक विमान फार महाग पडते.

मग ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे काय? पाटीवर शब्द लिहिला की विमानतळ आंतरराष्ट्रीय होत नाही. तेथे परदेशाची वेस असावी लागते. पारपत्र तपासणारे अधिकारी, जकात पाहणारे अधिकारी आणि आरोग्याची तपासणी, ही तिन्ही ठाणी बसली म्हणजे त्या इमारतीच्या एका दारात भारत आणि दुसऱ्या दारात परदेश असे होते. नागपूरला हे घडले. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले, २००८ मध्ये नवी इमारत सुरू झाली आणि आखाती देशांतील शारजा व दोहा या शहरांशी तेथून थेट उड्डाणे झाली. २०१५ मध्ये जवळच मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना सुरू झाला. देशाच्या मध्यावर असल्याचे जे भांडवल १९४९ साली टपालाला उपयोगी पडले, तेच पुन्हा नव्या रूपाने वापरण्याचा हा प्रयत्न.

या प्रयत्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती गावकऱ्यांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विमानतळाच्या विस्तारासाठी आणि ‘मिहान’ नावाच्या प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी तेथील लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. विमानतळ आकाशाचा असला तरी उभा राहतो तो कुणाच्या तरी वावरात. जेव्हा कुणी आपल्या गावात विमानतळ मागतो, तेव्हा कोणाची जमीन जाईल आणि तिचे मोल कसे चुकते होईल, हे त्याच श्वासात विचारले पाहिजे.

खानदेशात २०१० नंतर पुन्हा हालचाल झाली. जळगावचा विमानतळ नव्याने बांधण्यात आला आणि २३ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगाव जिल्ह्याच्या कन्या, प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तरी नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. लहान शहरांसाठी केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली होती. तिच्यात काही जागांचे भाडे मर्यादेत ठेवायचे आणि कंपनीला पडणारी तूट काही काळ सरकारने भरून द्यायची, असा करार असतो. त्याप्रमाणे मुंबई-जळगाव विमान सुरू झाले, पण ते टिकले नाही. २०१९ मध्ये दुसरी सेवा आली, तीही थांबली. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई या शहरांशी जळगाव नव्याने जोडले गेले. मधल्या काळात गोंदूर आणि शिरपूरच्या धावपट्ट्यांवर नवे वैमानिक शिकू लागले, हीही काही लहान गोष्ट नाही.

या चढउतारातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट, विमानाकडून भलते मागू नये. आपली केळी वजनाने भारी आणि भावाने हलकी. ती आगगाडीने दिल्लीला जातील, थंड पेट्यांत भरून बोटीने परदेशी जातील. विमानाच्या भाड्यात त्यांचा नफा बुडेल. विमानाने न्यावे ते वजनाने हलके, किमतीने भारी आणि वेळेला बांधलेले. त्या काळी ते पत्र होते. आज ते औषध असेल, यंत्राचा अडलेला भाग असेल, किंवा मोठ्या शहरात उपचारासाठी निघालेला रोगी असेल.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. सोनेगावची विमाने एकाच वेळी जमत म्हणूनच त्या जागेला अर्थ होता. एक रात्री दहाला आणि दुसरे सकाळी सहाला येते, तर तो मेळा झालाच नसता. चाळीसगावचा माणूस पाचोऱ्यावरून जळगावला जाऊन विमान केव्हा धरील? गाडी आणि विमान यांच्या वेळा जुळल्या तर. विमान रोज, ठरल्या वेळी येते अशी त्याची खात्री झाली तर. आठवड्यातून कधी येणारे, कधी न येणारे विमान स्वस्त असले तरी लोक त्याच्यावर लग्नाचा मुहूर्त किंवा दवाखान्याची तारीख सोपवीत नाहीत. मग विमान रिकामे जाते, आणि रिकामे जाते म्हणून बंद होते.

तेव्हा यापुढे गावात विमानतळाची गोष्ट निघाली की ‘धावपट्टी केवढी?’ एवढ्यावर थांबू नका. ती कोणाला कोणाशी जोडणार, रोज जोडणार का, आगगाडी आणि एस.टी.च्या वेळेशी तिचा मेळ बसणार का, आणि जमीन देणाऱ्याला काय मिळणार, असे चार प्रश्न विचारा. शिक्षकांनी मुलांकडून जिल्ह्याचा नकाशा काढून घ्यावा. त्यावर लोहमार्ग, रस्ते आणि धावपट्ट्या दाखवाव्यात आणि कोणत्या दोन गोष्टी कोठे भेटतात तेथे लाल ठिपका द्यायला सांगावे. कोणत्या ठिकाणी ठिपका देता येत नाही, हेही मुले आपोआप पाहतील. नागपूरला चार शहरांची टपालविमाने एकमेकांना भेटली म्हणून एका युद्धकाळातल्या मैदानाचा विमानतळ झाला. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यांना तशी भेट घडविता आली, तर त्या बोलू लागतील.